पालीला कसलं आलंय मन!

मुलीनं पुण्याहून पाल आणली त्या दिवशी मी आधी पोटभर हसलो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढं हसण्यासारखं जे काही आहे ते सगळं माझ्याच वाट्याचं आहे.

पाल म्हणजे भिंतीवरची नव्हे. लेपर्ड गेको. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, वीतभर लांबी, पट्ट्यापट्ट्यांची जाडजूड शेपूट, आणि आपल्यासारख्या उघडझाप करणाऱ्या पापण्या. भिंतीवर चढणं तिला जमतच नाही. मुलगी पुण्यात नोकरी करते, तिथं तिनं ती रीतसर कागदपत्रं करून पाळली होती. कंपनीनं तिला आठ महिन्यांसाठी परदेशी पाठवायचं ठरवलं, आणि पाल ठेवायला भंडाऱ्याचं घर सोडून तिला दुसरी जागा दिसेना. काचेची पेटी, पेटीखाली घालायची गरम चटई, तापमापक, कोंड्यात वळवळणाऱ्या अळ्यांचा डबा, असा सगळा संसार गाडीतून उतरवून झाल्यावर तिनं दोन पानी कागद माझ्या हातात दिला.

पहिल्या पानावर खाण्यापिण्याचं होतं. दुसऱ्या पानावर वरती ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तिच्या मनाचं'.

"पालीला कसलं आलंय मन!" मी म्हणालो. पस्तीस वर्षं हायस्कूलात विज्ञान शिकवलेला माणूस मी. सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेंदू किती वेळा फळ्यावर काढला असेल त्याला गणती नाही. "भूक, भीती, ऊन, सावली. संपला कारभार."

"भीती आहे म्हणता ना बाबा? मग मन आहे," मुलगी म्हणाली.

मी चहा मागितला.

चहा बाईनं आणला. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. तिचं सासर करडीचं, भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा तिथंच धानाची शेती करतो. माझी बायको गेली तेव्हा बाई आठ दिवसांसाठी म्हणून आली आणि चार वर्षं राहिली. तिनं चहाचा ट्रे उंबऱ्याबाहेरच खाली ठेवला. नजर पेटीवर होती.

"हा तं बिसखोपडा होय," ती म्हणाली. "बाबू, हा चावला तं मानूस पानी मागत नाई."

आमच्या भागात शेतात, रानात दगडाखाली या पालीची एक चुलत बहीण सापडते. तिला बिसखोपडा म्हणतात. सापाहून जहरी, फुंकर मारली तरी माणूस मरतो, असं काय काय तिच्याबद्दल बोललं जातं. प्रत्यक्षात तिच्यात विषाचा थेंबही नसतो. पण दिसली की पहिला दगड डोक्यात. लहानपणी शेतात आम्हा दोघांदेखत एक मारली गेली होती. मी तेव्हा बाईच्या पाठीमागं लपलो होतो, हे बाईला आठवतं. मला आठवत नाही, असं मी सांगतो.

मग मी बाईला तिथल्या तिथं विज्ञान ऐकवलं. आवाज चढवूनच ऐकवलं. अंधश्रद्धा निर्मूलनावर गावोगाव व्याख्यानं द्यायची मला सवय आहे, आणि घरातच असं कोणी बोललं की माझं डोकं फिरतं. बाई ऐकून घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली.

मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई उंबऱ्यावर येऊन बसली. "वाच ना बाबू, काय लिवलं पोरीनं."

मी बातम्या वाचतात तशा सुरात वाचलं. तिला वरून हात घालू नका, वरून येणारं सगळं तिला घारच वाटतं. हात बाजूनं आणा, उपडा नको, उताणा ठेवा, आणि ती आपणहून येईपर्यंत थांबा. लपायला तीन जागा हव्यातच, लपायला जागा नसलेला जीव कधी निवांत होत नाही. रोज तीच वेळ, तोच आवाज ठेवा. दर आठवड्याला पेटीत काहीतरी नवं ठेवा, नाहीतर ती कंटाळते आणि दिवसभर काच ओरबाडत बसते. अळ्या नेहमी समोर टाकू नका, कधी लपवून ठेवा, तिला शोधू द्या. शेपूट सापासारखी हळूहळू हलवायला लागली तर ती 'दूर व्हा' म्हणते आहे, लगेच हात मागं घ्या. फारच घाबरली तर शेपूट टाकून देईल. तिची सगळी शिदोरी त्या शेपटीत असते, म्हणून ती वेळ येऊ देऊ नका.

मी हसून कागदाची घडी घातली. बाई हसली नाही.

"बरोबर लिवलं पोरीनं," ती म्हणाली. "सासरी नवीन गेलेल्या पोरीले बी हेच पाहिजे राह्यते. लपाले एक कोपरा, अन् वरून हात नाई."

चार दिवस तिनं उंबरा ओलांडला नाही. तिथूनच, संध्याकाळी दिवे लागले की, बोलायची. काय बोलायची? भाजी काय केली, शेजारणीची सून कशी वागते, गुडघा कसा दुखतो. पाचव्या दिवशी उठून पेटीजवळ गेली. मुलाकडून करडीच्या जुन्या छपराचं एक फुटकं कवेलू, म्हणजे कौल, मागवलं आणि पेटीत पालथं घातलं. पालीनं मुलीनं आणलेली विकतची प्लॅस्टिकची गुहा सोडली आणि कवेलाखाली घर केलं. तांदळातले किडे चाळावेत तशी बाई कोंड्यातल्या अळ्या चाळणीनं चाळायची. कधी नारळाची करवंटी ठेव, कधी तणसाची, धानाच्या वाळल्या काडाची, चिमूट ठेव, कधी अळी करवंटीखाली दडव आणि पदर तोंडाला लावून बघत बस. भीती होतीच. पण हात उताणा असायचा आणि बाजूनं जायचा. महिना लागला. एका संध्याकाळी पाल कवेलाखालून निघाली, बाईच्या बोटांना जीभ लावून बघितली आणि सावकाश तळहातावर चढून बसली. बाईनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, "हलू नको बाबू. आली."

माझं काम काय? मी दर रविवारी तापमापकाचा आकडा मुलीला कळवायचो. फोनवर मात्र 'मी सांभाळतोय' असंच म्हणायचो.

आंबागडकडच्या एका शाळेत माझं व्याख्यान होतं. किल्ल्याच्या पायथ्याची, शेती आणि जंगलाची कामं करणारी माणसं. मुलांबरोबर मोठेही येऊन बसले होते. मी बिसखोपड्यावर बोललो. आणि उदाहरण दिलं ते बाईचं. "माझी सख्खी बहीण," मी म्हणालो, "साधी पाळीव पाल बघून उंबऱ्याबाहेर उभी राहते! म्हणते, पाणी मागू देत नाही!" लोक हसले. मीही त्यांच्यात हसलो. ज्या बाईच्या तळहातावर ती पाल त्या दिवसांत रोज संध्याकाळी येऊन बसत होती, तिला मी भरसभेत भित्री ठरवलं, कारण त्या गोष्टीवर हशा चांगला मिळत होता. याची लाज मला तेव्हा वाटायला हवी होती. ती फार नंतर वाटली.

सभेतून एक म्हातारा उठला. आयुष्यभर वनमजुरी केलेला, काटकुळा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. "गुरुजी, सांगनं ठीक आहे. तुमी सोता धरता काय हातात?"

"रोज धरतो," मी म्हणालो. "भंडाऱ्याला आलात की घरी या, दाखवतो."

एकदाही धरली नव्हती.

म्हातारा खरंच आला. कुठल्यातरी कागदासाठी जिल्हा कचेरीत आला होता, त्या शाळेचे मुख्याध्यापक त्याला मोटरसायकलवर घेऊन आले. सकाळचे अकरा वाजले होते. खोलीत लख्ख उजेड, पाल कवेलाखाली झोपलेली. मी पेटीचं झाकण काढलं आणि कवेलू उचलून बाजूला ठेवलं. पाल डोळे मिचकावत तशीच राहिली.

"बाबू, वरून नको," बाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तिची झोपायची वेळ होय."

"तू गप राय," मी म्हणालो. पाहुण्यांसमोर.

मी वरून हात घातला. पालीनं शेपूट उचलली आणि सावकाश डावीकडे-उजवीकडे हलवायला लागली.

"शेपूट हालवून राहिली जी," म्हातारा म्हणाला. "खुश झाली काय?"

"ओळखते मला," मी म्हणालो आणि तिला मुठीत धरलं.

ती ओरडली. एवढ्याशा जिवातून असा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. आणि माझं बोट चावली. चावली म्हणजे काय, चिमटा बसावा एवढंच. पण त्या क्षणी पस्तीस वर्षांचं विज्ञान कुठं गेलं ते मी आजही सांगू शकत नाही. मी हात झटकला, पाल दिवाणाच्या पायावर आपटून खाली पडली, आणि मी ओरडलो, "चावला! बिसखोपडा चावला!"

ओरडून थांबलो असतो तरी चाललं असतं. मी अंगणात धावलो. दोरीवर पायजमा वाळत होता, त्याची नाडी खसकन ओढली आणि बोटाच्या बुडाशी करकचून बांधली. दर व्याख्यानात मी सांगत आलोय, साप चावला तरी दोरी आवळू नका. आणि मी पालीसाठी नाडी आवळून अंगणात उभा होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी स्वतःच कितीदा दुसऱ्यांवर वापरली असेल!

म्हातारा बाहेर आला. "गुरुजी, सोडा नाडी. बोट निळं पडून राहिलं." त्यानंच ती सोडली. वर म्हणाला, "भेव सगळ्याइलेच लागते जी." तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं. दोघं चहा न घेता गेले.

आत आलो तर जमिनीवर शेपूट पडलेली होती आणि एकटीच वळवळत होती. बाई फरशीवर पालथी पडली होती, एक हात दिवाणाखाली, तळवा वर. तिचा गुडघा वाकत नाही, खाली बसली की उठताना भिंत धरावी लागते. ती तशी तासभर पडून होती. काही बोलत होती, तेच, भाजीचं आणि गुडघ्याचं. शेवटी पाल आली. बाईनं तिला पेटीत ठेवलं, कवेलू जागेवर घातलं, खिडकीला चादर लावली, आणि मग शेपूट कागदात गुंडाळून तुळशीवृंदावन नसलेल्या आमच्या अंगणात जास्वंदीखाली पुरली.

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. नेहमीसारखं तिनं आधी विचारलं, "ती कशी आहे? दाखवा ना." नेमकी पाल तेव्हा पाण्याच्या वाटीपाशी आली होती. मी फोन वळवण्याआधीच तिला दिसलं.

"बाबा! शेपूट? काय झालं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ना. मला विचार करायला एक पळही लागला नाही, हेच मला जास्त छळतं.

"झाकण उघडं राहिलं होतं गं," मी म्हणालो. "पाल बाहेर आली, बाई घाबरली, आणि झाडू मारला तिनं. तुला माहीत आहे ना तिचं ते बिसखोपड्याचं."

बाई माझ्या मागंच उभी होती. पालीसाठी चाळलेल्या अळ्यांची वाटी तिच्या हातात होती. मला ती पडद्यावरच्या छोट्या चौकोनात दिसली, माझ्या खांद्यामागं.

मुलगी रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "आत्या, मी तुला काही बोलत नाही. पण तू आता तिच्याजवळ जाऊ नकोस. हातही लावू नकोस. वचन दे मला."

मी वाट पाहिली. बाई आता बोलेल, आणि बोलली तर मी काय म्हणायचं, तेही जुळवू लागलो.

"नाई जात माय," बाई म्हणाली. "वचन होय." आणि अळ्यांची वाटी माझ्यासमोर ठेवून निघून गेली.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. काहीतरी सांगायला हवं होतं. "बाई, पोरगी माह्यावर चिडली असती तं तिनं पाल दुसरीकडं नेली असती, म्हून..."

"जेवून घे," बाई म्हणाली.

आमच्या घरात सकाळी वंदना होते. मी पंचशील म्हणतो, बाई मागून म्हणते. दुसऱ्या दिवशी पहिलं शील आलं, जीवहिंसा करणार नाही. म्हटलं. चौथं आलं, खोटं बोलणार नाही. मी खोकलो आणि पुढं सरकलो. बाईनं मात्र चौथं शील पूर्ण म्हटलं. रोजच्याच आवाजात, ना मोठ्यानं ना हळू. तिनं एकदा माझ्याकडे रोखून बघितलं असतं तर मी तिथंच मोडलो असतो. तिनं बघितलं नाही.

आता पाल माझ्याकडे आली. मी दोन पानी कागद भिंतीला चिकटवला आणि सगळं तसंच करायला लागलो. वेळ तीच, अळ्या त्याच, चटईची गरमी तीच. पण मी खोलीत पाऊल टाकलं की कवेलाखाली सळसळ व्हायची आणि ती मागं सरकायची. अळ्या सकाळी जशाच्या तशा. बाई स्वयंपाकघरातून रोज एकच विचारायची, "जेवली का?" मी म्हणायचो, "जेवली." एकदा चुकून म्हणालो, "नाई." तेव्हा ती उठली, खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली, उंबऱ्याकडे बघत उभी राहिली आणि परत फिरली.

आठव्या दिवशी तिनं पिशवी भरली. "करडीले रोवणी सुरू झाली. जातो मी."

धानाच्या रोवणीला, म्हणजे लावणीला, तिच्या मुलाकडे दरवर्षी मजुरीच्या बाया असतात. दुखऱ्या गुडघ्याच्या म्हातारीची तिथं गरज नव्हती. ते मलाही माहीत होतं, तिलाही.

"काहून जातं? राय ना."

"घरात राहूनशान तिकडं जाऊ नको, हे मले नाई जमत बाबू. थे तिथं उपाशी, अन् मी इथं भाकरी खाऊ काय?"

मी तिला एसटी स्टँडवर सोडून आलो. गाडी सुटेपर्यंत थांबलोसुद्धा नाही, ऑटो उभा आहे म्हणून सांगितलं.

पुढचे दहा दिवस पालीनं जेमतेम दोन अळ्या खाल्ल्या. शेपूट असती तर तिनं शेपटीतल्या चरबीवर महिना काढला असता. शिदोरीच मी काढून घेतली होती. तिच्या फासळ्या दिसायला लागल्या, मागचे पाय बारीक झाले. इथल्या जनावरांच्या डॉक्टरनं पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "सर, म्हशीचं असेल तर विचारा." मुलीनं पुण्याच्या डॉक्टरबाईंना फोनवर जोडलं. त्या फार शांतपणे बोलल्या. अंगाला काही झालेलं दिसत नाही, म्हणाल्या, ती भेदरलेली आहे. शेपूट जाण्याआधी तिला कोण खायला घालायचं? कोणाचा आवाज ओळखीचा होता? घरात काय बदललं? जे बदललं ते परत पूर्वीसारखं करा, नाहीतर ती फार दिवस काढणार नाही.

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, या डॉक्टरबाईंना कुणी सांगितलं की काय.

"काही नाही बदललं," मी म्हणालो.

मुलगी पडद्यावरून माझ्याकडे बघत होती. "आत्या दिसत नाही," ती म्हणाली.

"करडीला गेली. रोवणीला."

त्या संध्याकाळी मी पेटीसमोर खुर्ची टाकून बसलो. हलायचं नाही असं ठरवलं. बऱ्याच वेळानं कवेलाखालून तिचं तोंड बाहेर आलं. मला पाहिलं आणि तिनं शेपूट हलवली. म्हणजे शेपटीच्या जागी जो बोटभर गुलाबी ठोंब उरला होता, तो. सावकाश, डावीकडे, उजवीकडे. पालीला कसलं मन, असं विचारणारा मी, मला तिथं सगळं कळलं. तिला नेमकं आठवत होतं, कोण ते.

सकाळी पहिली गाडी धरून करडी गाठली. बाई बांधीत, धानाच्या खाचरात, होती. चिखलात वाकलेल्या बायांची एक रांग, तिच्या अगदी टोकाला, सगळ्यांच्या मागं पडलेली. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मला पाहिलं आणि तिथूनच विचारलं,

"जेवते का थे?"

"नाई."

हातातली रोपांची जुडी तिनं शेजारणीकडे दिली आणि चिखलातून एकेक पाय उपसत धुऱ्यापर्यंत आली. "कवापासून?"

"तू गेली तवापासून. त्याच्याबी आधीपासून. चाल बाई घरी."

ती पुढं निघाली. दोन पावलं गेली आणि थांबली. "पोरीले सांगतलं का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग मी कशी येऊ? मी वचन देल्लं तिले. हात नाई लावत म्हून. तिनं म्हटल्याबिगर नाई लावत मी."

"मी म्हंतो ना!"

"तुहं नाई चालत बाबू," ती म्हणाली. रागानं नाही. खोटं शील म्हणणाऱ्याचं चालत नाही, असं ती म्हणाली नाही. पण मी ते ऐकलं.

फोन लावला. धुऱ्यावर वारा इतका की काही ऐकू येईना, म्हणून स्पीकर चालू करावा लागला. रोवणी थांबवून बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. यातल्या दोघीतिघींच्या मुलांना मी शिकवलेलं.

"बेटा," मी म्हणालो, "आत्यानं झाडू नव्हता मारला. मीच पकडली. वरून. पाहुण्यांना दाखवायला. ती चावली आणि मी फेकली." मग थांबता येईना. "बिसखोपडा चावला म्हणून मी ओरडलो. पायजम्याची नाडी बांधली बोटाला."

रोवणाऱ्यांतली एक फस्सकन हसली. दुसरीनं तिला कोपर मारलं आणि मग स्वतःच हसली. मी तसाच उभा राहिलो. हसू दे, म्हणालो मनात. पण खरं सांगायचं तर मला त्या चिखलात गाडून घ्यावंसं वाटत होतं.

मुलीनं नाडीचं विचारलंच नाही.

"आत्या तेव्हा तिथंच होती ना?" तिनं विचारलं. "तुम्ही सांगत होता तेव्हा?"

"हो."

"आणि मी तिच्याकडून वचन घेतलं." ती रडत होती. "आत्याला द्या फोन."

बाईचे हात कोपरापर्यंत चिखलात. मी फोन तिच्या कानाशी धरला. मुलगी काय बोलली ते साऱ्या बांधीनं ऐकलं. बाई फक्त "हो माय, हो माय" करत होती, आणि मधेच म्हणाली, "आता सोड व वचन, तिकडं थे उपाशी आहे." एवढ्यावर तिचं वचन सुटलं. मला मुलगी काही बोलली नाही. आजही त्यावर काही बोललेली नाही. फोनवर ती आता आधी आत्याला मागते.

भंडाऱ्याला पोचायला दुपार टळली. बाईनं हातपाय धुतले, साडी बदलली, अळ्या चाळल्या, आणि दिवे लागायची वेळ होईपर्यंत खोलीत पाऊल टाकलं नाही. तीच वेळ, कागदात लिहिल्याप्रमाणे. मी तिच्या मागं निघालो तर तिनं दारात हात आडवा केला.

"तू भायेरच थांब जरासा."

दार लोटलं गेलं. मी बाहेर जमिनीवर बसलो. मग बाईचा आवाज सुरू झाला, नेहमीचाच. रोवणी कशी चालली, चिखल किती, गुडघा किती दुखतो. मग ती थांबली. कवेलू सरकल्याचा आवाज आला.

"आली का माय? खाय. खाय एक." ती पुन्हा बोलली, अगदी हळू, पण दार नीट लागलेलं नव्हतं.

"थो भेला होता व. भेवानं तुनं शेपूट टाकली, अन् त्यानं मले टाकलं. वाईट नाई थो. आज नाई तं उद्या येऊ दे त्याले जवळ."

मी दाराला टेकून बसून होतो. आतून अळी चावून खाल्ल्याचा बारीक आवाज आला, आणि मग दुसरीचा.